घरातून चालणारी कंपनी नोंदवताना घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक सार्वजनिक नोंदींपासून दूर कसा ठेवावा?

आपण मनीषनगरमधील सदनिकेतून व्यवसाय चालवता, आता त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची आहे, आणि सासूबाई घरी एकट्या असताना कोणी अनोळखी माणूस कंपनीचा पत्ता शोधत दारात येऊ नये, असे आपण लिहिले आहे. ही काळजी रास्त आहे. मी नागपुरात कंपनी सचिव म्हणून काम करते. अर्ज भरण्याआधी हा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटतात, आणि एकदा कंपनी निबंधकांकडे (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे) दाखल झालेला कागद नंतर मागे घेता येत नाही.

आपले नाव मात्र लपणार नाही. कंपनीशी व्यवहार करणाऱ्याला ती कोण चालवते आणि नोटीस कुठे पाठवायची हे कळले पाहिजे, म्हणून संचालकांची नावे आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतो. शिवाय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३९९ नुसार शुल्क भरून कोणालाही दाखल कागदपत्रे पाहता येतात. त्यांत मेमोरँडमच्या, म्हणजे कंपनी स्थापन करतानाच्या मूळ दस्तऐवजाच्या, सह्यांचे पान असते, आणि त्यावर सही करणाऱ्याचा राहता पत्ता असतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००९ पासून संचालकाला जाहीर नोंदीत घराऐवजी पत्रव्यवहाराचा पत्ता देता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि घरातून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांसाठी तरी ती व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. सभासदांच्या, म्हणजे भागधारकांच्या, नोंदवहीतील पत्ता, ईमेल आणि पॅन तपासणीसाठी खुले ठेवू नयेत, असा बदल नियमांत २०२२ मध्ये झाला, पण तो सभासदांपुरताच आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही येथे उपयोग नाही, कारण कायद्याने जाहीर करावी लागणारी माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे.

तेव्हा आपल्या हातात खरोखर असलेली गोष्ट म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. कोणतेही शुल्क न भरता सर्वांत आधी दिसतो तो हाच पत्ता, आणि तो घरचाच असला पाहिजे असे कायदा कुठेही म्हणत नाही. धरमपेठ किंवा सीताबर्डीत एखादी छोटी जागा अथवा सामायिक कार्यालयातील टेबल भाड्याने घ्यावे; भाडेकरार, मालकाचे ना हरकत पत्र आणि अलीकडचे वीजबिल मिळत असेल तरच ती जागा पक्की करावी. मात्र तेथे कंपनीच्या नावाची पाटी लागली पाहिजे आणि रजिस्टर्ड पत्र घेणारा माणूस असला पाहिजे. केवळ कागदावरचा पत्ता विकत घेण्याचा मोह टाळावा, कारण कंपनी व्यवसाय करत नाही अशी शंका आल्यास निबंधक कलम १२ खाली जागेची प्रत्यक्ष पडताळणी करू शकतात. पुढे जागा बदलली, तर शहराच्या हद्दीत संचालक मंडळाचा ठराव पुरतो. बुटीबोरीसारख्या हद्दीबाहेरच्या ठिकाणी जायचे असल्यास सभासदांचा विशेष ठराव लागतो.

कंपनीसाठी वेगळा ईमेल आणि वेगळा मोबाइल क्रमांक घ्यावा. संचालकाच्या केवायसीसाठी (ओळख पडताळणीसाठी) मात्र स्वतःचाच क्रमांक द्यावा, सीएच्या कार्यालयाचा नव्हे. अर्जाला मागितलेले तेवढेच कागद जोडावेत, आणि आधारची प्रत द्यावी लागलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारी द्यावी. आपली डिजिटल सही लावण्यापूर्वी प्रत्येक अर्जाचा आणि जोडपत्राचा मसुदा मागून घेऊन स्वतः वाचावा. घाईत असलेल्या कार्यालयांत हे सहसा कोणी दाखवत नाही, पण मागितल्यावर दाखवावेच लागते.

काही जण दुसऱ्याच्या नावावर कंपनी काढून स्वतः मागे राहण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. समभाग एकाच्या नावावर आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर कलम ८९ नुसार दोघांनाही ते घोषित करावे लागते.

जीएसटीकडे दुर्लक्ष करू नका. जीएसटी क्रमांक बिलावर छापलेला असतो, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की व्यवसायाचे मुख्य ठिकाण कोणालाही दिसते. तेथे आज घरचा पत्ता असेल, तर काम नव्या जागेत नेल्यावर पंधरा दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. कंपन्यांची माहिती उचलून पुन्हा छापणारी खासगी संकेतस्थळेही आहेत. त्यांच्यावर आपला मोबाइल क्रमांक किंवा घरचा पत्ता आढळल्यास त्यांना लेखी विनंती करावी, आणि तिची प्रत जपून ठेवावी.