काम बदलायचं आहे : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं तिशी-चाळिशीत कामाची वाट बदलू पाहणाऱ्यांची आहेत. त्यातली चार निवडली आहेत. विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये तेरा वर्षं काढली. वय ३६. सकाळी लॅपटॉप उघडायचंही जिवावर येतं. आवडीचं काम शोध, असं सगळे म्हणतात, पण मला नेमकं काय आवडतं हेच सांगता येत नाही. कधी कॅफे काढावासा वाटतो, कधी गावी जाऊन शेती. सुरुवात कुठून करू? (पुणे)

उत्तर : कॅफे आणि शेती दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. आधी नकोसं नेमकं काय झालंय ते शोधा. चार आठवडे एक वही ठेवा. रोज रात्री दिवसातली चार-पाच कामं लिहायची आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी : या कामाने उत्साह आला की गेला, आणि तो कशामुळे, कामामुळे, माणसामुळे की वेळेमुळे. ‘रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल’, ‘नव्या मुलीला डिफेक्ट कसा नोंदवायचा ते शिकवलं’, ‘तीच रिग्रेशन पुन्हा चालवली’ इतकं नेमकं लिहा. नुसतं ‘मीटिंग’ असं मोघम लिहिलंत तर महिन्याने त्या वहीतून काहीच हाती लागणार नाही.

उत्साह घालवणाऱ्या नोंदी मुख्यतः मॅनेजर, रात्रीचे कॉल आणि हिंजवडीचा प्रवास यांच्याच निघाल्या, तर कंपनी किंवा प्रोजेक्ट बदला. पेशा बदलायची गरज नाही. टेस्टिंगच नको झालं असेल, तर उत्साह देणाऱ्या नोंदी बघा. शिकवण्याच्या असतील तर कॉर्पोरेट ट्रेनिंग, लिहिण्याच्या असतील तर टेक्निकल रायटिंग, ग्राहकाचं म्हणणं समजून घेण्याच्या असतील तर बिझनेस अ‍ॅनालिसिस. तिथे तुमची तेरा वर्षं धरली जातात. कॅफेत ती धरली जाणार नाहीत, पगाराच्या आकड्यात तर नाहीच.

तरीही कॅफेचा विचार जात नसेल, तर ओळखीच्या एखाद्या हॉटेलात सलग काही शनिवार-रविवार सकाळी माल उतरवून घेण्यापासून रात्री गल्ला जुळेपर्यंत उभे राहा. कॉफी बनवणं हा त्या दिवसाचा लहानसा तुकडा आहे. बाकीचा दिवस भाडं, न आलेला कामगार, उरलेला माल आणि भांडी यांतच जातो. ही कामं तुम्हाला झेपतात का, आणि त्यांचा कंटाळा येत नाही ना, एवढंच तिथे तपासायचं आहे.

प्रश्न : बी.एस्सी. (गणित) आहे, ५८ टक्के. कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय ३७, खुला प्रवर्ग. शाळेत गणित शिकवायचं मनात आहे. नोकरी सांभाळून बी.एड. करता येईल का? सरकारी शाळेत लागण्याची शक्यता किती? (नाशिक)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गांना ४३ ही कमाल वयोमर्यादा असते. तुमचं बी.एड. पूर्ण होईपर्यंत ३८ उलटून गेलेलं असेल. त्यामुळे ही वाट तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. हे कटू आहे, पण दोन वर्षं आणि फी घातल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. शिवाय त्या वाटेने लागणाऱ्यालाही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये ते वाढवून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये केलं गेलं. तुमच्यासाठी खरी वाट आहे ती खासगी विनाअनुदानित शाळांची, विशेषतः सीबीएसई आणि इंग्रजी माध्यमाच्या. तिथे गणिताच्या शिक्षकाला मागणी असते, आणि कारखान्यातली मोजमापं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), आलेख हे सगळं तुमच्या तासाला कामी येईल.

आता बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्रवेश राज्याच्या सीईटीतून. खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. नोकरी सांभाळून मात्र जमणार नाही. नियमानुसार वर्गांना किमान ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, आणि ही इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची असते. त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. दूरशिक्षणाचं बी.एड. हे आधीच शिक्षक असलेल्यांसाठी आहे, कारखान्यातल्या माणसाला तिथे प्रवेश नाही. ‘हजेरीची गरज नाही, घरबसल्या बी.एड.’ अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. अशा पदव्या कागदपत्रांच्या पडताळणीत अडकतात, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटीचा (तशीच केंद्राची) दुसरा पेपर लागतो. १५० पैकी ९० गुण हवेत. प्रमाणपत्राला आता मुदत नाही, एकदा मिळालं की कायमचं. पहिली ते पाचवीचा विचार करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड. त्या वर्गांसाठी चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं.

राजीनामा देण्याआधी एक गोष्ट कराच. घराजवळच्या एखाद्या क्लासमध्ये किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवा, किमान दोन महिने. एक मुलगा १/२ + १/३ = २/५ लिहील. त्याला बरोबर रीत सांगून पुढे जाऊ नका. ‘असं का केलंस?’ विचारा. तो म्हणेल, वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. मग त्याला विचारा की २/५ हे अर्ध्याहून कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवून उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल? तो गप्प होईल, पोळी काढून तुकडे करून बघेल, पुढच्या रविवारी तीच चूक पुन्हा करेल. तिसऱ्यांदा समजावतानाही तुम्हाला त्याच्या डोक्यात काय चाललंय याचं कुतूहल वाटत असेल, तर या कामात तुम्ही रमाल. मग वह्या तपासा. ४० वह्या, एकीला तीन मिनिटं धरली तरी दोन तास होतात, आणि शाळेत असे तीन-चार वर्ग असतात. गणित आवडणं आणि गणिताच्या शिक्षकाचा दिवस आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, बी.एड.ला जाणारे पुष्कळ जण पहिल्या गोष्टीच्या भरवशावर जातात.

पैशांचं : दोन वर्षं पगार नाही आणि नंतरचा पगार आत्ताच्यापेक्षा कमी, असं धरूनच हिशोब मांडा. घराचा हप्ता चालू असेल तर तो आधी.

प्रश्न : मी बी.कॉम. २०१४ पर्यंत एका पेढीत टॅलीवर हिशोब लिहायचे. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण. आता वय ४१. हिशोबाचं काम मला मनापासून आवडायचं, पण आता सगळं बदललंय म्हणतात. पुन्हा जमेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नक्की जमेल. नावं-जमा बदललेली नाही, आणि ती पक्की असलेली माणसं आजही कमी मिळतात. बदललंय ते भोवतीचं. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, म्हणजे तुम्ही थांबल्यानंतर. टॅलीही २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम झालं. पडदा वेगळा दिसतो, पण व्हाउचर तीच. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, त्यात टीडीएसच्या कलमांचे क्रमांक बदललेत. त्यामुळे जुनी पुस्तकं कुणाची मागून आणू नका. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेत. बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्के जाऊन मुख्यतः ५ आणि १८ राहिलेत.

शिकण्याचा क्रम असा ठेवा. आधी टॅलीप्राइममध्ये एका काल्पनिक दुकानाचे तीन महिने लिहून काढा : खरेदी, विक्री, परतीचा माल, बँक, पगार. मग जीएसटी. त्यानंतर टीडीएस आणि पगारातून होणाऱ्या कपाती. सर्टिफिकेट कोर्स केलात तर चांगलंच, पण कुणी सीए कामावर घेताना विचारतील ते हे : महिन्याचे हिशोब स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण कराल का? त्यासाठी तारखा तोंडपाठ हव्यात. ७ ला टीडीएस भरणं (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न). पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांनी तिमाहीचा पर्याय घेतला असेल तर जीएसटीच्या तारखा वेगळ्या. व्यवसाय कराचं एक लक्षात ठेवा : महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो नाही. पुरुषांच्या पगारातून १०,००० च्या वर गेल्यावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे. नव्या माणसाकडून फेब्रुवारी हमखास चुकतो.

तुमची किंमत ठरते ती १४ तारखेनंतरच्या कामात. १४ ला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं. पुरवठादारांनी आपल्या नावाने दाखवलेल्या बिलांची ती यादी. आपल्या खरेदी वहीशी ती एकेक ओळ लावून बघायची. समजा तुमच्या वहीत बिल क्रमांक ‘०४७’ आहे, १८,००० रुपये कर, आणि २बीमध्ये ते नाही. कारणं बहुधा तीनपैकी एक : पुरवठादाराने अजून भरलेलंच नाही, आपला जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला, किंवा बिल ग्राहकाच्या खात्यात, म्हणजे क्रमांकाशिवाय, दाखवलं. २बीमध्ये न आलेल्या बिलाचा कर वजा करून घेता येत नाही, म्हणजे मालकाला ते १८,००० खिशातून भरावे लागतात. १५ ला फोन करून ‘तुमच्या रिटर्नमध्ये आमचं बिल दिसत नाही, दुरुस्त करा’ असं ठणकावून सांगणारी आणि दुरुस्त होईपर्यंत पाठ न सोडणारी हिशोबनीस मालक सहसा सोडत नाही.

सुरुवात एखाद्या सीएच्या ऑफिसात अर्धवेळ करा, शक्यतो रिटर्न भरण्याच्या आधीच्या दहा दिवसांत. पगार कमी मिळेल, पण निरनिराळ्या धंद्यांची बिलं हाताखालून जातील. घरून काम पुढे घेता येईल. आत्ताच घेऊ नका. अडलं की शेजारी विचारायला माणूस लागतं. बायोडेटात मधल्या वर्षांबद्दल एक ओळ पुरे : ‘२०१४ ते आजवर कौटुंबिक जबाबदारी’. त्याबद्दल माफी मागायचं काही कारण नाही.

प्रश्न : एका खासगी कंपनीत ४ वर्षं ८ महिने झाले. मूळ वेतन ३२,०००. नोटीस तीन महिन्यांची. मित्राबरोबर सोलर पॅनेल बसवण्याचं काम सुरू करायचंय. आजच राजीनामा देऊ का? पीएफ काढून भांडवल करावं म्हणतो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आज देऊ नका. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेला) पाच वर्षं लागतात, आणि नोटिशीचा काळ नोकरीतच धरला जातो. आज दिलात तर ४ वर्षं ११ महिन्यांवर बाहेर पडाल. दीड महिना थांबून दिलात तर पाच वर्षं पूर्ण होतील. हिशोब (महिना २६ दिवसांचा धरून वर्षाला १५ दिवसांचं वेतन) : ३२,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे १८,४६२, पाच वर्षांचे साधारण ९२,३०८ रुपये. दीड महिना अशासाठी की काही कंपन्या नोटिशीतले दिवस कमी करून आधीच मोकळं करतात. तसं लेखी विचारून घ्या. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं असं काही न्यायालयांनी म्हटलंय, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत. नेमणूक ठराविक मुदतीची असेल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून एक वर्षही पुरतं, नेमणूकपत्र पाहा.

पीएफला शक्यतो हात लावू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि आधीच्या नोकरीचं खातं याच यूएएनखाली (पीएफचा कायम क्रमांक) वर्ग केलं असेल तर ती वर्षंही मोजली जातात, ते तपासा. बाहेर पडताना कंपनीने ‘नोकरी सोडल्याची तारीख’ पोर्टलवर टाकली का ते बघा. राहिली असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो; घरच्यांची वैयक्तिक पॉलिसी नोटिशीच्या काळातच घ्या, म्हणजे प्रतीक्षा काळ लवकर मोजायला लागेल. छतावर चढायचं काम आहे, तेव्हा अपघात विमा दोघांचाही, पहिल्या पॅनेलच्या आधी.