देव अडवतोय, की नुसताच अडथळा आहे?

श्रद्धाळू माणसं समुपदेशनाला आली की एक प्रश्न हमखास येतो, कधी सरळ तर कधी आडवळणानं. 'प्रार्थना करून पाऊल टाकलं, तरी सगळीकडून अडतंय. म्हणजे देवाला हे मान्य नाही का?' थांबावं तर कच खाल्ल्यासारखं वाटतं आणि रेटावं तर देवाच्या मर्जीविरुद्ध चाललोय अशी धास्ती.

अशाच कोंडीत सापडलेल्या एका ताईंची ही हकीकत. त्यांच्या परवानगीनं सांगतेय, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

त्या प्रशिक्षित परिचारिका. सासऱ्यांच्या लांबलेल्या आजारपणात नोकरी सोडली होती. ते गेल्यावर पुन्हा कामावर जायचं ठरवलं. घर प्रार्थनेचं, त्यामुळे निर्णयही प्रार्थनापूर्वक घेतलेला. त्यानंतर नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला, एका रुग्णालयानं मुलाखतीनंतर नकार कळवला आणि जिन्यावरून पाय घसरून घोटा मोडला. घरातलं कोणीतरी बोलून गेलं, "प्रभूनं आणखी किती खुणा द्यायच्या?" हे वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून एक वही काढली. डाव्या पानावर तारीख आणि त्या दिवशीची प्रार्थना, उजव्या पानावर घडलेलं. जिथे काही बिघडलं तिथे लाल शाईनं एकच शब्द: 'नाही'. अर्ज परत आला, नाही. घोटा मोडला, नाही. बस चुकली त्या दिवशीही नाही. मी त्या बसच्या नोंदीवर बोट ठेवलं, तर त्यांनाच हसू फुटलं. पुढे एका पानावर लिहिलं होतं की जुन्या सहकारी परिचारिकेनं आपणहून फोन करून विचारलं, "परत कधी येतेस?" त्या ओळीपुढे मात्र काहीच नव्हतं. होकारासाठी वहीत रंगच ठेवला नव्हता!

देवाच्या मनात काय आहे हे सांगण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही आणि तो मी कधी घेत नाही. पण 'हे तुम्ही कशावरून ठरवलंत?' एवढं विचारू शकते. मग आम्ही एकेक 'नाही' उलगडून बघितला. अर्जाला एक प्रमाणपत्र जोडायचं राहिलं होतं. घोट्याला वेळ द्यायला हवा होता, दुसरं काही नाही. रुग्णालयाला अलीकडच्या अनुभवाची माणसं हवी होती, म्हणजे तो दुसऱ्याचा निर्णय होता आणि त्यावर उपायही होता. तिन्ही गोष्टींची जात वेगळी, पण एकाच शाईनं लिहिल्यामुळे त्या एकाच आवाजात बोलतायत असं वाटत होतं.

धर्मश्रद्धेच्या मानसशास्त्रावर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी 1988 मध्ये सहकाऱ्यांसह एक मांडणी केली. संकटात श्रद्धावान माणसं तीन तऱ्हांनी वागतात. काही म्हणतात, देवानं बुद्धी दिलीय, आता माझं मी बघतो. काही सगळं देवावर सोपवून हातावर हात ठेवून बसतात. तिसरे देवाला बरोबर घेऊन काम करतात. ताई स्वतःला तिसऱ्या गटातल्या समजत होत्या. प्रत्यक्षात प्रत्येक धक्क्यानिशी त्या दुसऱ्या गटाकडे सरकत होत्या आणि या सरकण्यालाच भरवसा म्हणत होत्या. माझ्या मते भरवसा आणि हात टेकणं यात हीच गल्लत सर्वांत जास्त होते, कारण वरून दोन्ही सारखीच शांत दिसतात.

एक गोष्ट त्या सांगत नव्हत्या, पण चेहऱ्यावर दिसत होती. झोप. उपास-प्रार्थनेसाठी रात्री जागायच्या, जेमतेम डोळा लागला की पहाटे तीनला जाग यायची. बायबल त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून एलीया संदेष्ट्याची '1 राजे' या त्यातल्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली गोष्ट मी त्यांनाच सांगायला लावली. रानात झुडपाखाली बसून तो मरण मागतो. दूत येतो, 'ऊठ, खा' म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. इथवर सांगून ताई थांबल्या. "उपदेश नाहीच की अजून!" खरंच नाही. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट आहे, मग 'इथे काय करतोस?' हा प्रश्न आणि त्यानंतर पुढची कामं. आधी दोनदा जेवण आणि झोप. त्या आठवड्यापासून रात्रीचं जागरण बंद झालं. चर्चच्या पाळकांशीही (धर्मगुरूंशीही) त्या बोलल्या, त्यांनी उलट दुजोराच दिला. (एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल, तर मात्र त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. प्रार्थना चालू ठेवूनही ते करता येतं.)

राग बाहेर यायला जास्त वेळ लागला. "देवावर चिडणं पाप ना?" मी बायबलमधलं 13वं स्तोत्र उघडायला सांगितलं. पहिल्या दोनच वचनांत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा 'कोठवर' म्हणून विचारतो, आणि ते शब्द प्रार्थना म्हणूनच जपले गेलेत. त्या बराच वेळ रडल्या. नंतर म्हणाल्या, सासऱ्यांच्या सेवेत गेलेल्या वर्षांचा हिशोब कोणाकडे मागायचा तेच कळत नव्हतं. नोकरीच्या अडथळ्यांखाली दबलेलं मूळ दुखणं हे होतं. पुढच्या बऱ्याच भेटी आम्ही त्यावरच घालवल्या.

दरम्यान प्रमाणपत्र जोडून अर्ज गेला, नोंदणी झाली, घोटा सांधला. जुन्या सहकारी परिचारिकेच्या ओळखीनं अर्धवेळ काम मिळालं. पगार कमी आहे आणि पूर्णवेळ जागा अजून मिळालेली नाही. 'खुणा' मोजणारं घरातलं माणूसही तसंच आहे. ते आता विचारतं, "देवाला हवं असतं तर पूर्णवेळ नसतं का मिळालं?" ताई म्हणतात, "विचारलंय त्याला. तोवर उद्याची पाळी आहे माझी."