मीटर रूममध्ये उभी राहणारी मुलगी

पत्र : मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. अंबडच्या एका कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त झालो. मुलीने बारावी सायन्स केलं, 61 टक्के मिळाले, सीईटीला 72 पर्सेंटाइल. आडगावच्या पुढे हायवेला लागून आमची थोडी वडिलोपार्जित जागा आहे. तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकायचं, मग विल्होळी, घोटी, सिन्नर अशी साखळी उभी करायची आणि ती मुलीने सांभाळायची, असं ठरवलं आहे. 2027 च्या कुंभमेळ्याआधी पहिलं स्टेशन सुरू व्हायला हवं. चार्जिंग नेटवर्क म्हणजे शेवटी सगळा अ‍ॅपचा खेळ, म्हणून तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगलाच घालणार. मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळतेय, निवृत्तीचे पैसे त्यासाठी ठेवलेत. मुलगी मात्र इलेक्ट्रिकलच म्हणते. सोसायटीत वायरमन आला की त्याच्या मागे मीटर रूममध्ये जाऊन उभी राहते, त्याला प्रश्न विचारते. मुलीच्या जातीला हे शोभतं का? आमचा निर्णय झालेला आहे. फक्त कोणतं कॉलेज घ्यावं तेवढं सांगा.

उत्तर :

नमस्कार दादा,

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. ज्या निर्णयात मुलीला कोणी विचारलेलं नाही, त्यावर शिक्का मारायचं काम माझ्याकडून होणार नाही.

तुमच्या पत्रात जागा आहे, पैसा आहे, कुंभमेळा आहे, विल्होळी-सिन्नरपर्यंतची साखळी आहे. मुलीचं म्हणणं एका ओळीत येतं आणि पुढच्या ओळीत तिच्याबद्दलची तक्रार सुरू होते. मला मात्र सगळ्यात जास्त वेळ त्या तक्रारीनेच थांबवलं. वायरमन येतो आणि ती मीटर रूममध्ये जाऊन उभी राहते, प्रश्न विचारते. दादा, माझ्यासमोर बारावी झालेली जी मुलं बसतात, त्यांतल्या बहुतेकांना ‘तुला काय बघायला आवडतं?’ एवढं विचारलं तरी ती आईवडिलांच्या तोंडाकडे बघतात. तुमच्या लेकीला ते कळलंय, आणि कोणी न सांगता कळलंय. मीटरच्या पुढे कटआऊट का असतो, एका घराची वीज गेली आणि शेजारची का नाही गेली, अर्थिंगची पट्टी कुठे जाते, हे तिला जाणून घ्यायचंय. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटतेय, ती मला त्या अख्ख्या गुणपत्रिकेपेक्षा महत्त्वाची वाटते.

शोभण्याचंच म्हणाल, तर महावितरणमध्ये आज महिला जनमित्र, म्हणजे लाइनमनचं काम करणाऱ्या बायका, खांबावर चढून काम करतात. राज्य सरकारच्या नोकरभरतीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे. आणि तुम्ही स्वतः अंबडमध्ये आयुष्य काढलंय. तिथल्या कारखान्यांत टेस्टिंगला, असेंब्लीला मुली काम करताना तुम्ही रोज पाहिल्या असतील. त्या कोणाच्या तरी लेकीच आहेत. त्यांच्याबद्दल मनात कधी वावगं आलं नसेल, तर स्वतःच्या मुलीबद्दल का यावं? ती गप्प बसत असेल तर ‘ऐकते’ असं समजू नका. अशी ऐकणारी मुलं दुसऱ्या वर्षाला तीन-चार विषय मागे ठेवून माझ्याकडे येतात, आणि तेव्हा वडील विचारतात, की हिचं लक्ष का नाही लागत.

आता ‘सगळा अ‍ॅपचा खेळ’ या समजाकडे येते, कारण तुमचा पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. अ‍ॅप हा त्यातला दिसणारा भाग. गाडीवाल्याला जवळचा चार्जर दाखवायचा, पैसे घ्यायचे, पावती द्यायची, एवढं ते करतं. आता जमिनीवरचं गणित बघा. कारसाठी 60 किलोवॅटचा एक डीसी चार्जर धरा. 40 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 24 युनिट लागतात; गाडी किती वेगाने वीज घेऊ शकते त्यावर अर्धा ते पाऊण तास. असे चार चार्जर एका ठिकाणी लावले की भार झाला 240 किलोवॅट. एका घराचा मंजूर भार 4 किलोवॅट धरला, तर हा 60 घरांचा भार, तोही एका कोपऱ्यात आणि एकाच वेळी. तो गल्लीतल्या डीपीवर बसत नाही. त्यासाठी उच्चदाबाची जोडणी लागते, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर, तेवढी जागा शिल्लक आहे का हे आधी तपासावं लागतं. मग केबल किती जाडीची, अर्थिंगचे खड्डे किती आणि कुठे, पावसात साचलेल्या पाण्यात उभा राहून कोणी चार्जरची गन, म्हणजे गाडीला लावायचा प्लग, हातात घेतली तर वीज क्षणात तुटेल का. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांत चार्जिंग स्टेशनसाठी वेगळ्या तरतुदी केल्या आहेत, त्या याचसाठी. दिवसाच्या कोणत्या तासाला वीज स्वस्त, चार गाड्या एकदम लागल्या तर भार कसा वाटायचा, बंद पडलेला चार्जर किती तासांत सुरू होणार, यावर नेटवर्क चालतं किंवा बुडतं. अ‍ॅपमध्ये हिरवा ठिपका बघून आलेल्या माणसाला चार्जर बंद सापडला, की तो पुन्हा त्या ठिकाणी येत नाही. तो चार्जर चालू ठेवणारा माणूस विजेचा जाणकार लागतो.

सॉफ्टवेअर लागत नाही असं माझं म्हणणं नाही. चार्जर आणि मध्यवर्ती सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलायची ओसीपीपी नावाची खुली पद्धत आहे, ती यायला हवी. पण इलेक्ट्रिकलच्या मुलीला ती शिकता येते, आणि नाशिकमध्ये राहून शिकावं असं विजेच्या बाजूला भरपूर आहे. सातपूरला एबीबी, तुमच्या अंबडला सीजी पॉवर, शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा. स्विचगिअर, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याची यंत्रं, बनवणाऱ्या गावात राहून मुलीला इलेक्ट्रिकलपासून लांब ठेवायचं, हे मला पटत नाही.

जागेबद्दल आणि पैशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आडगाव शहराच्या धुळ्याकडच्या अंगाला. मुंबईहून नाशिकलाच येणारी गाडी तिथवर पोहोचतच नाही. नाशिककर स्वतःची गाडी शक्यतो रात्री घरीच लावतो; त्याला अडचण येते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळत नाही म्हणून. तुमच्याकडे थांबेल ती मालेगाव-धुळ्याकडे जाणारी किंवा तिकडून येणारी गाडी. तिची संख्या किती, हे रस्त्यावर बसून मोजल्याशिवाय कळणार नाही. त्यात जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळून जायची सोय झाली. गाड्या कुठे थांबतात, हेच अजून बदलतंय. महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंग असावं असं सरकारी धोरण म्हणतं. म्हणजे तुमच्या शेजारी उद्या दुसराही येणार, आणि त्याच्याकडे कदाचित पेट्रोल पंप, हॉटेल, स्वच्छतागृह सगळं असेल.

परवान्याची भीती कोणी घातली असेल तर ती काढून टाका. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, त्यासाठी वितरणाचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलं. पण परवाना नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. सुरुवातीच्या काळात बसवलेले 15 किलोवॅटचे ‘भारत डीसी-001’ चार्जर बघा. कारच्या नव्या मॉडेलांनी सीसीएस-2 ची पिन घेतली आणि ती यंत्रं नव्या गाड्यांसाठी बसल्या जागी निरुपयोगी झाली. शिवाय जोडणी घेतली की गाडी येवो न येवो, दर महिन्याला स्थिर आकार भरावा लागतो का आणि किती, हे आधी विचारा. कोणी चार्जिंगची फ्रँचायझी देऊ करत असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा. सापडला नाही, तर सही करू नका.

कुंभमेळ्याची गर्दी काही आठवड्यांची आणि कर्जाचे हप्ते काही वर्षांचे. 2027 मध्ये तुमची मुलगी जेमतेम दुसऱ्या वर्षात असेल. तोवर स्टेशन उभं राहिलंच, तर ते सांभाळणार तुम्ही, आणि तोटा झाला तर तो बोलून दाखवला जाईल तिला, ‘तुझ्यासाठी केलं’ म्हणून. हे ओझं अठराव्या वर्षी तिच्या डोक्यावर देऊ नका. जागा मोकळी पडली असेल तर चार्जिंग चालवणाऱ्या एखाद्या कंपनीला भाड्याने देऊन बघा. यंत्र त्यांचं, जोडणी त्यांची, जागा तुमची. निवृत्तीच्या पैशाला हात लावायची गरज नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. मॅनेजमेंट कोटा सोडा. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, इलेक्ट्रिकलला अर्ज करा. तिथली रांग कॉम्प्युटरइतकी लांब नसते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत मोडत असाल, तर कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलीची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे तुम्ही पैसे मोजून मुलीची सवलत घालवायला निघाला होता. मनासारखं कॉलेज नाही मिळालं तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सामनगाव रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनात जाऊन चौकशी करा. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एक वर्ष जास्त जाईल, पण हात लवकर कामाला लागेल. ड्रॉप घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

यापुढचं तुमच्या लेकीसाठी आहे, तिला वाचायला द्या.

बाळा, कॅपचा पर्याय-अर्ज तू स्वतः भर, बाबांना शेजारी बसव. पहिल्या वर्षी मशीन्स आणि पॉवर सिस्टिम्स या विषयांच्या सीनिअर मुलांशी ओळख कर. प्रोग्रामिंगला नाक मुरडू नकोस, पायथन शिकून घे, पुढे चार्जरचा डेटा वाचायला लागेल. डिग्री किंवा डिप्लोमा झाल्यावर विद्युत पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा हे आत्ताच डोक्यात ठेव. चार्जिंगच्या साइटवर त्या कागदाला किंमत आहे. मीटर रूममध्ये जात जा, फक्त पायात रबरी तळाची चप्पल हवी आणि वायरमनदादांनी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

या सुट्टीत एक काम कर. बाबांना घेऊन एक शनिवार आडगावच्या जागेसमोर बस आणि सकाळी आठ ते रात्री आठ हिरव्या नंबरप्लेटच्या कार मोज, दोन्ही दिशांच्या वेगवेगळ्या. पिवळ्या अक्षरांची टॅक्सी आणि पांढऱ्या अक्षरांची खासगी असे दोन रकाने कर. मग एखाद्या मंगळवारी पुन्हा मोज. ते आकडे मला पाठव. त्यावरून त्या जागेवर किती किलोवॅट लावणं परवडेल, याचं गणित आपण दोघी मांडू, आणि ते बाबांना तू समजावून सांग.