सवाईला मित्रांबरोबर पहिल्यांदाच जातोय. एकानं आधी जाऊन सगळ्यांची जागा धरली तर चालते का?

प्रश्न विचारणाऱ्यानं खाली आणखी लिहिलंय: चौघं मित्र आहेत, शास्त्रीय संगीतातलं फारसं कळत नाही, भारतीय बैठक घ्यावी की खुर्ची, पाचही दिवस जावं की एखादाच.

जागा धरू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जमली तर देतो.

सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव, रमणबागेच्या मैदानावर व्हायचा तेव्हाची गोष्ट. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला, त्याच्या आधीची. आमच्या चौघांत गाणं ऐकणारा मी एकटाच, म्हणजे तसं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. शनिवार होता. ग्रुपवर मी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं, 'जागा माझ्याकडे लागली, तुम्ही फक्त चारला या.' तिघांनीही अंगठे पाठवले.

दुपारी दोनला रांगेत उभा राहिलो. गेट उघडल्यावर पळालो. हो, पळतात. साठीतले गृहस्थ एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन पळताना पाहिले नसतील तर यंदा पाहाल. स्टेजसमोर, मधल्या वाटेच्या डावीकडे, चौघं मांडी घालून मावतील एवढी सतरंजी अंथरली. चार कोपऱ्यांवर चार वजनं: हेल्मेट, पाण्याची बाटली, डबा आणि मी.

थोड्या वेळानं एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच. "इथं कोणी आहे का?"

"हो काकू, येतायत. तिघं आहेत."

"बरं," म्हणाल्या आणि सतरंजीच्या बाहेर, लोकांनी चपलांच्या पिशव्या ठेवल्या होत्या तिथं, शालीची घडी करून बसल्या. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी निदान चिडलो तरी असतो.

चार वाजले. पहिलं गाणं झालं. फोन केला तर कोथरूडकर (नाव लिहीत नाही, कोथरूडला राहतो) म्हणाला, "निघालो." पुण्यात 'निघालो' याचा अर्थ 'आंघोळीला चाललोय' असा होतो हे मला माहीत असायला हवं होतं. तोवर मंडप भरला. दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन माझ्या रिकाम्या सतरंजीकडे बघायचं आणि मी 'माणसं येतायत' म्हणायचो. पहिल्या दोघांना ओशाळून सांगितलं, पुढच्या सहा-सात जणांना वसकन. आजी शेजारीच होत्या. सगळं ऐकत होत्या.

मग दिवस कलायला लागला आणि पुढच्या गायकानं मारवा राग धरला. गायकाचं नाव सांगत नाही, नाहीतर खाली त्यांच्यावरूनच भांडण सुरू होईल.

तुम्हाला राग कळत नाहीत म्हणालात, म्हणून एवढंच सांगतो. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही. एरवी तानपुऱ्यात सा आणि प वाजत असतात. मारव्याला त्या पंचमाच्या जागी बहुधा निषाद (नी) लावतात. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र. आणि षड्ज, म्हणजे सा, जो गाण्याचं घर असतो, तो इथं टाळत राहायचा. कोमल रिषभावर थांबायचं, धैवतावर (ध) थांबायचं, घराच्या दारापर्यंत यायचं आणि वळून जायचं. ऐकणारा अस्वस्थ होतो, त्याला कारण कळो न कळो. सूर्य बुडायची वेळ आणि हे असलं अधांतरी गाणं. मग कधीतरी गायक षड्जावर येऊन थांबतो. तेवढ्यासाठी लोक तास तास बसतात. शास्त्र काही येत नसलं तरी ही गोष्ट कळते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे 'कळत नाही'ची चिंता सोडा.

विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. खिशात फोन थरथरला.

"आत आलोय. कुठंयस?"

"स्टेजच्या समोर," मी कुजबुजलो.

"सगळेच समोर आहेत रे. उभा राहून हात कर."

उभा राहिलो. मागून आवाज आला, "ओ, बसा खाली!" मी गुडघ्यात वाकलो, पण हात वरच ठेवला. मान मागे वळवून गर्दीत कोथरूडकरचा लाल स्वेटर शोधत होतो आणि तेवढ्यात सगळ्या मंडपातून 'आहा' असा एक उसासा आला. स्टेजकडे वळलो तर गायक डोळे मिटून षड्जावर उभा. मी अर्धा वाकलेला, एक हात वर, शाळेत 'बाई, एक नंबरला जाऊ?' विचारणाऱ्या पोरासारखा.

तो षड्ज मी ऐकला नाही. कानावर पडला असेल, पण ऐकला नाही.

तिघं लोकांच्या मांड्यांमधून वाट काढत आले. एकाचा पाय आजींच्या शालीवर पडला. कोथरूडकरनं बसल्याबसल्या स्टेजकडे पाठ करून चौघांचा फोटो काढला आणि विचारलं, "हे अजून किती वेळ चालतं?" द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाल्यावर म्हणाला, "चल, खाऊन घेऊ, मध्यंतरात फार गर्दी होते." आणि मी गेलो. माझा खरा राग इथं आहे. मला कुणी ओढून नेलं नाही. तीन-चार तास राखलेली जागा सोडून मी भज्यांच्या रांगेत उभा राहिलो, आणि उरलेला मारवा स्टॉलजवळच्या कर्ण्यातून ऐकला, 'दोन कॉफी, एक बिनसाखर'च्या साथीनं.

परत आलो तेव्हा आजी सतरंजीच्या मध्यावर बसल्या होत्या. आम्हाला पाहून सरकल्या. "बसा, तुमचीच आहे."

मी एकटाच बसलो. ते तिघं उभ्याउभ्याच 'पुढच्याला येतो' म्हणून गेले ते गेलेच. आजी बोलायला लागल्या. त्यांनी रात्रभरची सवाई पाहिलेली. गुरूंच्या म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हा उत्सव सुरू केला आणि पुढं कितीतरी वर्षं तो रात्र रात्र चालायचा, हे तुम्ही वाचलं असेलच. आजींकडून जे कळलं ते मात्र मी कुठं वाचलं नव्हतं: तेव्हा जागा कुणा एकाची नसायची. रात्री दोनला कुणी डुलक्या काढायला मागं जायचं, त्याच्या जागी दुसरा बसायचा, पहाटे तिसरा. शेवटी भीमसेनजी गायला बसायचे तोवर पुढच्या रांगेतली माणसं दोन-तीनदा बदललेली असायची. "सतरंजी कुणाची, बसलंय कोण, काही ताळमेळ नसायचा," म्हणाल्या. आणि मग सहज विचारल्यासारखं, "सा लागला तेव्हा तुम्ही उभे होता, नाही का?"

हा टोमणा होता की चौकशी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आजी नारायण पेठेतल्या होत्या, त्यामुळे टोमणाच असावा.

रात्रभराची सवाई आता नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, त्यातला एखादा महोत्सवाच्या वाट्याला येतो. त्यामुळे दरबारीसारखा रात्रीचा राग नशीब असेल तर ऐकायला मिळतो. उघड्या मैदानात कुडकुडत पहाटेचा ललित ऐकणं संपलं. उलट भीमपलास, मुलतानी, पूरिया, मारवा असले दुपार-संध्याकाळचे राग भरपूर होतात. म्हणूनच म्हणतो, यायचं तर उन्हं उतरायच्या आत या. पुण्यातले निम्मे लोक ऑफिस सुटल्यावर आठला येतात आणि नेमकं सगळं चुकवतात.

कोथरूडकरचं म्हणणं, सवाई म्हणजे माहोल. शाली, कॉफी, वर्षातून एकदा भेटणारी माणसं, प्रकाशचित्रांचं प्रदर्शन, आणि मागं गाणं. माझं म्हणणं, मागं गाणं हवं असेल तर घरी लाव की. हा वाद इतकी वर्षं चालू आहे. तो दर वेळी एकच हुकमी पान टाकतो: "तुला जागा धरायला सांगितलं कुणी होतं?" कुणी नव्हतं, कबूल. तिघं खुर्चीत खूश झाले असते. मलाच तिघांना शेजारी बसवून 'हा बघ कोमल रिषभ' करायचं होतं. पण चारला येतो असं त्यानं मान्य केलं होतं, हे इथं लिहून ठेवतो, कारण तो हे उत्तर वाचणार आहे.

बरं, तुमचं. भारतीय बैठक घ्या. खुर्चीतला माणूस ऐकता ऐकता घड्याळ बघतो, खाली बसलेला पाय बदलतो आणि पुन्हा ऐकतो. पाच दिवस नकोत, एकच दिवस पण पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. मंडपाच्या दारात चौघांनी एकमेकांना टाटा करायचं, जिथं मिळेल तिथं सुटं बसायचं, मध्यंतरात कॉफीपाशी भेटायचं. एकट्या माणसाला पुढं कुठंही जागा मिळते, लोक सरकून देतात. चौघांना कुणी देत नाही आणि देऊही नये. उशिरा आलात तर गाणं चालू असताना मांड्या तुडवत जाऊ नका, संपेपर्यंत मागं उभे राहा. आणि चुकीच्या मात्रेवर मांडीवर थाप मारणारा एकजण शेजारी येणारच. त्याच्याकडे बघायचं नाही.

गुडघे दुखत असतील तर वरचं सगळं विसरून सरळ खुर्ची घ्या, त्यात कमीपणा नाही. वेळा दर वर्षी आणि दर दिवशी वेगळ्या असतात, त्या पाहून घ्या. डिसेंबरातली जमीन नऊनंतर खालून गार पडते, शाल पांघरायला असते तशी बुडाखाली जाड काहीतरी हवं. मेट्रो आता स्वारगेटपर्यंत आहे, तिथून रिक्षा करा. गाडी आणलीत तर ती लावण्यात पहिला कलाकार जाईल. मित्रांशिवाय जा असं मी म्हणत नाहीये, हेही सांगायला हवं. जाताना-येताना तेच लागतात.

मी आता एका माणसापुरतं आसन घेऊन जातो. मागच्या खेपेला आत शिरलो तर पुढं ओळखीचं हेल्मेट दिसलं. कोथरूडकर माझ्या आधी येऊन बसला होता, ऐसपैस सतरंजी अंथरून. मी खूश होऊन टेकायला गेलो तर म्हणाला, "अरे, इथं नको ना, सासरची मंडळी येतायत. पाचला येतो म्हणालेत."

साडेसहा वाजले होते. मी आसन उचललं आणि चपलांच्या पिशव्यांपाशी जाऊन बसलो.