इंदूर-बऱ्हाणपूर सायकलवर : परतीचं आधी ठरवा

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं. इंदूरहून बऱ्हाणपूरपर्यंत सायकलवर, बडवाह, खंडवा, बऱ्हाणपूर, तिन्ही ठिकाणी मित्रांकडे मुक्काम आणि "येताना सायकल ट्रेनमध्ये टाकू", अगदी हेच वाक्य मी डिसेंबर 2023 मध्ये घरी बोललो होतो.

पंक्चर किट, पाणी वगैरे तुम्हाला माहीत असेलच. जाताना बडवाहच्या आधीचा भेरूघाट उतारच आहे, ट्रकना वाट द्या, बस. घाटातली मीटरगेज (जुनी, अरुंद रुळांची) रेल्वे बंद झाल्यापासून खंडव्याहून सरळ इंदूरला यायची सोय उरली नव्हती, इटारसी-भोपाळ फिरून यायचं, म्हणून परतीचं नीट ठरवा म्हणतोय.

मी बऱ्हाणपूरच्या पुढे अजून चार दिवस भटकलो आणि एका स्टेशनवर (नाव घेत नाही, उगाच वाद) पार्सल ऑफिसात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी आधी आरसी बुक मागितलं. सायकलचं! फॉर्ममध्ये गाडी नंबरचा रकाना आहे ना, तो रिकामा कसा सोडायचा, शेवटी फ्रेमवरचा नंबर लिहिला तेव्हा शिक्का बसला. या गडबडीत मी पावती वाचलीच नाही, आणि चूक माझीच. ‘लगेज’ म्हणजे तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात). ‘पार्सल’ म्हणजे जागा मिळेल तेव्हा, मिळेल त्या गाडीनं. माझं पार्सल झालं होतं. मी इंदूरला, सायकल नऊ दिवसांनी. मधे रोज फोन, रोज "कल आएगी भिया". आली ती मासळीच्या पेट्यांखालून, डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) आत वाकलेला आणि हँडलच्या टेपला होळीपर्यंत वास.

म्हणून माझं मत (एकाच अनुभवावरचं, नियम बदलले असतील, चौकशी करूनच जा) : गाडी जिथून सुटते तिथूनच चढवा, दोन मिनिटांच्या हॉल्टवर कोणी चढवत नाही. पावतीवर लगेज लिहिलंय का ते खिडकीसमोरच वाचा. बारदानावर नाव, फोन, स्टेशन मार्करनं दोन्हीकडे. आणि खरं सांगू का, मी आता ट्रेनच्या फंदात पडतच नाही, प्रायव्हेट बसच्या टपावर टाकतो, पुढचं चाक काढून, चेनची बाजू वर, कंडक्टरला शे-दीडशे. दोरी स्वतः बांधायची, त्याला बांधू द्यायची नाही.

स्पेअर हँगर इंदूरहूनच न्या, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, निमाडातल्या (खंडवा-बऱ्हाणपूरकडच्या) दुकानांत साध्या सायकलचं सगळं मिळेल, हँगर नाही.

आणि बडवाहच्या मित्राला फोन करून सांगा, दुपारी दाल-बाफले (डाळीबरोबर खायचे तुपातले कणकेचे गोळे) नकोत. माझ्या तिथल्या मित्राच्या आईनं तुपात बुडवलेले चार वाढले, मी ओसरीवर आडवा झालो तो साडेचारला उठलो, खंडवा कुठलं, सनावदलाच अंधार पडला.