एक वर्ष जास्त शिकून कमाई वाढते का?

"याला जबरदस्तीनं शाळेत बसवून पुढे दोन पैसे जास्त मिळणार आहेत का, तेवढं सांगा मॅडम." पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईचा हा थेट प्रश्न. मुलाला गॅरेजात काम मिळत होतं. शालान्त परीक्षा वर्षभरावर होती.

'शिकलेले जास्त कमावतात' एवढं सांगून मी पालकांना परत पाठवत नाही. जे पुढे शिकतात त्यांच्या घरचं बरेचदा बरं असतं, मग कमाई शाळेमुळे की घरामुळे? म्हणून अर्थतज्ज्ञांनी केवळ कायद्यामुळे शाळेत राहिलेली मुलं पाहिली. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सोळावं वर्ष पुरं झालं की शाळा सोडता यायची. एका वर्षात जन्मलेली मुलं साधारण एकदमच शाळेत जायची, पण वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची सुटका आधी व्हायची, त्यामुळे त्यांचं शिक्षण किंचित कमी भरायचं. या फरकावरून जोशुआ अँग्रिस्ट आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये हिशेब मांडला: एका जादा वर्षामागे कमाई साधारण साडेसात टक्के जास्त. (त्या पद्धतीवर पुढे आक्षेपही आले.)

आई खूश. मुलगा पुटपुटला, "म्हणजे बसाच."

पण दुसरी बाजू त्याच्यासाठी महत्त्वाची होती. ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये शाळेच्या सक्तीचं वय पंधराचं सोळा झालं आणि त्या मुलांची कमाई शाळेच्या जादा वर्षामागे सहा-सात टक्क्यांनी वाढली. फ्रान्सने चौदाचं सोळा केलं, तिथे फरक जवळपास शून्य. जर्मनीत नववं वर्ष सक्तीचं झालं, तिथेही तेच. ब्रिटनमध्ये परीक्षा सोळाव्या वर्षीच असायची. सक्तीमुळे शाळेत थांबलेली बरीच मुलं तिला बसली आणि प्रमाणपत्राशिवाय बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच घटलं. फ्रान्समध्ये तसं फारसं झालं नाही.

मग मी मुलाला विचारलं, "वर्षाच्या शेवटी तुझ्या हातात काय असेल?" बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "गणितात नापासाचा शिक्का." गॅरेजची ओढ खरी होती, पण शाळा सोडायची घाई गणितामुळे होती. शिकवणी गणितापुरती लावली, गॅरेज सुट्टीच्या दिवशी. तो काठावर का होईना, पास झाला.

निकालानंतर आईनं "आता कॉलेजच" असा धोशा लावला. तेव्हा मात्र मी मुलाच्या बाजूनं बोलले. मेकॅनिकचं प्रमाणपत्र देणारं प्रशिक्षण त्याला झेपणारं होतं, आणि त्याच्या प्रवेशासाठी ही परीक्षा पास असणं लागतच होतं.