‘दहा वेळा सांगितलं, तरी जाळी काढतातच!’

पॅकिंग विभागाचे एक सुपरवायझर समुपदेशनाला आले, तेव्हा त्यांची झोप पार उडाली होती. आठवड्यापूर्वी कन्व्हेयरच्या, म्हणजे खोके वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या, रोलरमध्ये एका ऑपरेटरची बाही ओढली गेली होती. शेजारच्याने इमर्जन्सी बटण दाबलं, म्हणून हात वाचला. “दहा वेळा सांगितलं, मेमो दिले, तरी रोलरवरची संरक्षक जाळी काढूनच काम करतात. कडक वागावं तर माणसं दुखावतात, सोडून द्यावं तर उद्या कुणाचा तरी हात जाईल. करू काय?”

ही घालमेल माणसांकडून काम करून घेणाऱ्या अनेकांची असते. त्यांना विचारलं, “जाळी नेमकी केव्हा काढतात?” उत्तर येईना.

म्हणून तीन दिवस, रोज तासभर, त्या मशीनपाशी उभं राहायचं ठरलं. का उभे आहोत, हे ऑपरेटरना आधी सांगून. आणि ‘जाळी का काढली?’ हा प्रश्न वर्ज्य. ‘का’ म्हटलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘अडकलेला खोका कसा काढता, दाखवा बरं’ म्हटलं की काम दाखवतो.

दिसलं ते असं. एका शिफ्टमध्ये १५-२० वेळा खोका अडकत होता. जाळीला ४ बोल्ट, पाना मेंटेनन्सच्या खोलीत, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. रीतसर करायचं तर १० मिनिटं, हात घालून ५ सेकंद. भिंतीवरच्या फलकावर मात्र फक्त खोक्यांचा आकडा. म्हणजे नियम पाळणाऱ्यालाच बोलणी बसत होती! इथे मेमोचा काय उपयोग?

खोका अडकायचा तो वाकड्या झालेल्या गाइड पट्टीमुळे. ती आधी सरळ केली. जाळीला बिजागरी आणि इंटरलॉक स्विच बसवला: जाळी उघडली की पट्टा थांबतो, बंद केल्यावर आपोआप सुरू होत नाही, स्टार्ट बटण दाबावंच लागतं. जाळी उघडी असतानाही पट्टा चालावा म्हणून हा स्विच तारेने बांधून ठेवण्याची खोड अनेक ठिकाणी असते, म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला रिकामा पट्टा चालू करून, जाळी उघडून तो थांबतो का ते बघायचं.

दुरुस्तीसाठी आत हात घालायचा असेल, तर एवढ्यावर भागत नाही. आजूबाजूच्यांना सांगायचं, मशीन थांबवायचं, मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप आणि नावाची पाटी लावायची, किल्ली स्वतःच्या खिशात. दोघे असतील तर दोन कुलपं. मग दाबाखालची हवा सोडायची. ही पायरी हमखास राहते, आणि वीज बंद असूनही हवेच्या दाबावर चालणारा मशीनचा सिलिंडर सरकू शकतो. शेवटी स्टार्ट दाबून मशीन खरंच मेलंय का, ते पाहायचं.

एवढं करूनही कुणी स्विच बांधलाच, तर त्याला बाजूला घेऊन त्याच शिफ्टमध्ये बोलायचं: काय दिसलं, त्याने काय होऊ शकतं, आतापासून काय करायचं. पुन्हा झालं तर कारवाई, आणि ती सगळ्यांना सारखी. सुपरवायझर इथेच अडखळले. बाही अडकलेला ऑपरेटर त्यांचा सर्वांत चपळ माणूस, आणि त्याच्याकडे आजवर काणाडोळा झाला होता, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

त्या ऑपरेटरशी तर कुणी धड बोललंही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा त्याच मशीनवर उभं केलं होतं. आवाज झाला की तो दचकायचा. काही दिवस दुसरं काम, मग सोबतीला एक जण देऊन परत, असं त्यालाच विचारून ठरवलं. महिन्यानंतरही दचकणं, वाईट स्वप्नं राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, हेही.

पुढच्या भेटीत सुपरवायझर नव्या काळजीत होते. ‘थोडक्यात वाचलो’ अशा नोंदी महिन्यात ११ झाल्या होत्या, पूर्वी एकही नसायची. वरिष्ठ विचारत होते, अपघात वाढले का? वाढले नव्हते, सांगितलं तर शिक्षा होणार नाही, याची खात्री पटल्यामुळे लोक सांगू लागले होते. नोंदवही वरिष्ठांसमोर ठेवायची आणि प्रत्येक नोंदीपुढे काय केलं, कुणी, कोणत्या तारखेला, हे लिहून ती यादी खोक्यांच्या आकड्याशेजारी लावायची, असं ठरलं.